आमच्या स्प्रिंग-कारखान्याचं निःपक्षपाती मूल्यांकन

४ मार्च, सकाळी ८.२०

आजपासून रोज लिहायचं. कामाला शिस्त हवी.

बाबांना कारखाना विकायचा आहे. गुडघे गेलेत, दिवसभर उभं राहवत नाही. एक मोठी कंपनी विचारते आहे. किंमत काढायला बाबा बाहेरचा सल्लागार बोलावणार होते. मी म्हटलं, मी असताना? बाबा म्हणाले, तू घरची आहेस म्हणूनच बाहेरचा बघतोय. मी समजावलं की मला नातं आणि काम वेगळं ठेवता येतं. त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती असं मी धरते.

शिवाय मला अनुभव आहे. सहा महिने एका व्हॅल्युएशन फर्ममध्ये होते. ती नोकरी मी सोडली. त्यांनी आधी सांगितलं, मग मी सोडली. पण सोडली मीच.

संकल्प : कारखान्यात बाबांना बाबा म्हणायचं नाही. कुणाचाही चेहरा बघून आकडा बदलायचा नाही. बिस्किटं बंद.

५ मार्च

बाबांना 'सर' म्हटलं. कोण आलंय ते पाहायला त्यांनी मागे वळून बघितलं.

मिस्त्री मला अजून बेबी म्हणतात. त्यांना सांगितलं, कामाच्या वेळात मॅडम म्हणत जा. ते म्हणाले, बरं, बेबीमॅडम.

दुपारभर निरीक्षण. दाराशी आत्याचं टेबल. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. सव्वीस वर्षं त्या खुर्चीत बसते. पद नाही. फोन घेते. एका कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे सगळ्या कारखान्याला सगळं कळतं. आज एक गिऱ्हाईक म्हणालं, गेल्या वेळेसारखी पाठवा, फक्त जरा कडक. आत्याने कुठली, किती, कधीची, काही विचारलं नाही. बरं म्हणाली, खणातून एक नमुना काढून बोटांनी दाबून पाहिला आणि मिस्त्रींना चिठ्ठी लिहून दिली.

नोंद : माहिती ठेवण्याची पद्धत ढिसाळ.

मला बेरीज-वजाबाकी आत्यानेच याच टेबलावर शिकवली, स्प्रिंगा मोजायला लावून. हे इथे लिहायची गरज नव्हती.

७ मार्च

कंपनीच्या किमतीवर परिणाम करणारे घटक लिहून काढले. मशिनांचं वय. तारेचा भाव. कर्ज आणि त्याचं व्याज. गिऱ्हाइकं किती, आणि त्यातलं एकच किती मोठं (आमच्याकडे व्हॉल्व्ह बनवणारे, जवळपास अर्धा माल त्यांचा). बाजार किती वाढेल. अशाच दुसऱ्या कारखान्यांना काय भाव मिळाला. असे चौदा झाले. एकही सुटलेला नाही.

चौदावा, व्यवस्थापनाचा दर्जा. त्यासाठी बाबांची रीतसर मुलाखत घेतली. पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला काय दिसतं, असं विचारलं. म्हणाले, मोतीबिंदू.

१० मार्च, सायंकाळी ५

आकडा आला. आमच्यासारख्या कारखान्यांना वर्षाच्या नफ्याच्या साधारण सहापट भाव मिळतो. तेवढाच धरला. कुठेही झुकतं माप नाही.

बाबांना दाखवला. ते म्हणाले, एवढंच? मग कागद परत देऊन मशिनापाशी गेले आणि एक हात गुडघ्यावर ठेवून उभे राहिले.

चेहरा पाहायचा नाही असं ठरलं होतं. मी पाहिला नाही. पाठ पाहिली.

तीन बिस्किटं खाल्ली.

११ मार्च

फर्ममध्ये असताना घेतलेलं मूल्यांकनाचं पुस्तक पुन्हा उघडलं. बाबांच्या पाठीशी याचा संबंध नाही. अभ्यास म्हणून.

पुस्तकात स्पष्ट दिलंय : घरच्या धंद्यात काही नातलग नुसतेच पगारावर असतात. खरेदी करणारा त्यांना ठेवणार नाही. म्हणून त्यांचा पगार नफ्यात परत मिळवायचा, की धंद्याचा खरा नफा दिसतो.

आमच्याकडे असं कोण आहे? पद नाही, मशीन नाही, कशावर सही नाही.

तो पगार नफ्यात मिळवला. गुणिले सहा. आकडा एकदम गोंडस झाला.

आपण हे सोयीचं आहे म्हणून करत नाही ना, असं स्वतःला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर पटकन आलं.

पान एकोणीसवर लिहिलं : 'कुटुंबातील एका ज्येष्ठ सदस्याचे वेतन. व्यवसायास आवश्यक नसलेला खर्च.' नाव घातलं नाही. तेवढा सभ्यपणा मी पाळते.

१३ मार्च

बाबांना नवा आकडा आवडला. कितीतरी दिवसांनी जिना उतरताना कठडा न धरता उतरले. (मग धरला.) अहवाल वाचा म्हटलं तर म्हणाले, तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार. सही केली.

काम झालं. अहवाल दोनदा खणात ठेवला आणि दोनदा बाहेर काढला. प्रोफेशनल लोकांना असंच होत असेल.

१४ मार्च, दुपारी १

जे झालं ते क्रमाने लिहिते.

माझ्या बेरजा आत्या तपासते. दुसरीपासून. मी कुठेही शिकले, कुठेही नोकरी केली, तरी शेवटची नजर तिची. सवयच. आज अकरा वाजता अडतीस पानं तिच्या टेबलावर ठेवली, म्हटलं, जरा बघ ना, आणि परत जागेवर येऊन बसल्यावर मला पान एकोणीस आठवलं.

गेले. म्हटलं, राहू दे, तुला त्रास. ती म्हणाली, त्रास कसला, बारावर आलेय. चहा आणला. ती सतरावर. म्हटलं, आत्या, ते मोठं मशीन आवाज करतंय, बघतेस का? ती म्हणाली, अगं ते तू बालवाडीत होतीस तेव्हापासून आवाज करतंय.

मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

परत आले तेव्हा अहवाल माझ्या टेबलावर होता, कडा जुळवून. पान आठवर एक स्वल्पविराम. पान एकोणीसवर पेन्सिलीने, बारीक अक्षरात : 'अकराच महिने धरलेस. बारा हवेत.' शेजारी दुरुस्त केलेली बेरीज.

बेरीज बरोबर होती. एक महिना गुणिले सहा. किंमत तिच्या अर्ध्या वर्षाच्या पगाराएवढी आणखी वाढली.

आत्याने हे किती प्रोफेशनली घेतलं. मला तिचा अभिमान वाटला. बिस्किटांचा पुडा उघडला आणि तसाच ठेवून दिला. आज बिस्किट खाल्लेलं नाही.

१७ मार्च

आत्याला नीट समजावून सांगायचं ठरवलं. मुद्दे काढले : यात व्यक्तिगत काही नाही, ही जगभर मान्य पद्धत आहे, 'आवश्यक नसलेला' हे विशेषण खर्चाचं आहे, माणसाचं नाही.

तिसऱ्या मुद्द्यापर्यंत पोचलेच नाही. ती म्हणाली, अगं, समजलं मला. सोपं लिहिलंयस.

माझ्या लिखाणाचं कौतुक आजवर तिनेच केलंय.

२० मार्च

खरेदी करणाऱ्या कंपनीचा माणूस चोवीस तारखेला पाहणीला येतोय.

आत्याने चोवीसपासून यायचं बंद करते म्हणून सांगितलं. बाबांनी कारण विचारलं तर म्हणाली, बस झालं रे, किती वर्षं बसायचं. बाबांना वाटलं चार दिवसांची सुट्टी. आराम कर म्हणाले.

जिन्यात मला गाठून हळूच म्हणाली, मी टेबलाशी दिसले तर तो माणूस विचारणार, या कोण. मग तुझं ते पान खोटं पडेल. तुझं पहिलंच काम आहे, मला मध्ये यायचं नाही.

मी थँक्यू म्हणाले.

वरचं वाक्य पुन्हा वाचलं. हो. थँक्यूच म्हणाले.

२४ मार्च, सायंकाळी ६

पाहणी झाली. काही किरकोळ अडचणी.

आलेला माणूस मितभाषी. निळी फाईल छातीशी धरून फिरतो. मी आत्याच्या टेबलाशी बसले होते, कारण मध्यवर्ती जागा आहे.

९.४० ला पहिला फोन. गिऱ्हाईक म्हणालं, ती परवाची द्या, पण डोकं मिटलेलं. मी विचारलं, तारेची जाडी? वेढे किती? तो म्हणाला, मला काय माहीत, बाईंना माहीत आहे, बाई कुठेत? मी म्हटलं, त्या आता नसतात. तो दचकून म्हणाला, अरेरे, कधी? मी म्हटलं, तसं नाही हो, घरी आहेत. तो म्हणाला, मग घरचा नंबर द्या.

हे सगळं स्पीकरवर. बटण कुठलं ते मला सापडत नव्हतं.

बारापर्यंत असे सात फोन. मिस्त्री येऊन म्हणाले, चिठ्ठी नाही तर मशीन काय अंदाजाने लावू? पोरं सकाळपासून नुसती उभी आहेत. बाबा खणातले नमुने काढून उजेडात धरून बघत होते. नमुन्यांना चिठ्ठ्या नाहीत, रंगीत दोरे बांधलेत. हिरवा म्हणजे काय, ते कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, हिरवा म्हणजे पास झालेला असेल. मिस्त्री म्हणाले, बेबी, तू जरा गप्प बस. मॅडम म्हटलं नाही.

निळी फाईल भिंतीशी उभं राहून लिहीत होती. जाताना त्याने विचारलं, या बाई तुमच्या अहवालात कोणत्या पानावर आहेत?

मी सांगितलं.

टेबलावर आत्याने तपासलेली प्रत होती, त्याने तीच उघडली. पेन्सिलीची खूण पाहिली. हे अक्षर कुणाचं, म्हणाला. तेही सांगितलं. त्याने ती बेरीज स्वतः करून पाहिली आणि मग अगदी हळू हाताने पान मिटलं.

एकंदरीत छाप बरी पडली असावी. त्याने पाणी मागून घेतलं.

२९ मार्च

पत्र आलं. ते म्हणतात, धंदा एका व्यक्तीवर उभा आहे आणि ती व्यक्ती मूल्यांकनात अनावश्यक खर्च म्हणून काढून टाकली आहे. म्हणून किंमत साठ टक्के. पूर्ण किंमत हवी असेल तर त्या बाईंशी तीन वर्षांचा करार करून द्या.

बाबांनी पहिल्यांदा अहवाल उघडला. उभ्या उभ्या पान एकोणीस वाचलं. ओरडतील म्हणून मी तयारीत होते, उत्तरंही काढून ठेवली होती. ते एवढंच म्हणाले, ताईने हे पाहिलं?

मी म्हटलं, तपासलं.

ते खाली बसले. मी उत्तरांचा कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

३० मार्च, दुपारी ४

आत्याच्या घरी गेले. माफी मागायला. पर्समध्ये कराराचा मसुदा होता, पण मुख्य काम माफीच.

सुरुवात चांगली झाली. मग मी तिला समजावू लागले की कळीच्या व्यक्तीचा धोका मूल्यांकनात दोन प्रकारे धरता येतो. वीस मिनिटं बोलले. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. मग म्हणाली, तू माफी मागायला आलीस की सही घ्यायला?

मी म्हटलं, दोन्ही. आधी काय ते ठरलेलं नाही.

ती म्हणाली, सही नाही जमायची. व्हॉल्व्हवाल्यांचा फोन आला होता, तुझा तो माणूस आला त्याच दिवशी. कारखान्यात विचारलं तर तुम्ही घरी आहात म्हणाले, असं का? मग म्हणाले, आमच्याकडे या, खरेदी बघा. सोमवारपासून जातेय. दीडपट देतात.

मी विचारलं, पद?

सीनियर असं काहीतरी आहे, म्हणाली. कार्ड छापून दिलंय. पाहिजे का तुला? भरपूर आहेत.

मी एक घेतलं. तिचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच छापलेलं पाहिलं.

मग रडले. ती म्हणाली, पुरे, डोळे सुजतील, बाबाला वाटेल मी मारलं. चहा दिला. साखर घालायची राहिली होती. ती असलं विसरत नाही. मी तसाच प्यायले.

४ एप्रिल

बाबांनी विक्री नाकारली. साठ टक्क्यांत विकण्यापेक्षा उभा राहतो, म्हणाले. मशिनापाशी उंच स्टूल आणून ठेवलंय. त्यावर चढताना मिस्त्री हात देतात.

अजून मला कुणी बोललेलं नाही. कुणीतरी बोलावं.

दाराशी मी बसते आहे, तात्पुरती. नवा संकल्प : सगळ्या नमुन्यांची मापं घेऊन कॉम्प्युटरवर चढवायची. अंदाजे नऊशे नमुने. आज दोन झाले. एकाचं माप दोनदा घेतलं तर वेगवेगळं आलं.

८ एप्रिल, सकाळी १०.०५

फोन. व्हॉल्व्ह कंपनी, खरेदी विभाग. आत्या.

मी म्हटलं, आत्या. ती म्हणाली, लिहून घे. तारेची जाडी सांगितली, वेढे, लांबी, टोकं कशी, किती नग, कधी हवेत. एकेक सांगून थांबत होती, माझं लिहून होईपर्यंत. मग म्हणाली, वाच. वाचलं. वेढे चुकले होते. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा वाच म्हणाली. यावेळी लांबी चुकली. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

मी म्हटलं, आत्या, ऐक ना. ती म्हणाली, ऑर्डर नंबर घेतलास का? घेतला नव्हता. तिने तो दिला आणि मागे कुणीतरी तिला बाई म्हणून हाक मारली, तशी तिने फोन ठेवला.

चिठ्ठी मिस्त्रींना नेऊन दिली. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली. म्हणाले, वा. एवढं नीट कुणी सांगितलं?

मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाने.