नातीस वर्गात घेऊन आजोबांस बाहेर बसविण्याबाबत

प्रति,
मा. वाटप अधिकारी,
बालसंगणक देणगी योजना,
तळमजला, जिन्याखालची खोली.

विषय : विद्यार्थी व पालक यांची आपसांत अदलाबदल करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचे 'पुन्हा या' हे तोंडी उत्तर, वेळोवेळी.

महोदय,

अर्जदार नाक्यावरच्या केशकर्तनालयाचा मालक असून नात्याने आजोबा आहे. आपल्या योजनेत देणगीदारांच्या कृपेने लहान मुलांना साधा, स्वस्त, हातातून पडला तरी न फुटणारा छोटा संगणक मिळतो व तो शिकवायला आठवड्याला वर्ग भरतो, असे समजल्यावरून अर्जदाराने आपल्या आठ वर्षांच्या नातीचे नाव घातले. तिचे आईवडील कामासाठी परगावी असल्याने पालक म्हणून स्वतःचे घातले. येथवर सर्व ठीक होते.

१. नोंदणीच्या कागदावर फोटोसाठी दोन चौकटी होत्या. मोठी विद्यार्थ्याची, लहान पालकाची. फोटो चिकटवण्याचे काम नातीने हौसेने अंगावर घेतले आणि मोठ्या माणसाला मोठी जागा द्यावी, या चांगल्या वळणापायी आजोबांना मोठ्या चौकटीत बसवून स्वतः लहान चौकटीत बसली. आपल्या कार्यालयाने वय न वाचता फोटो पाहून यादी केली. तेव्हापासून अर्जदार विद्यार्थी असून नात त्याची पालक आहे.

२. दुरुस्तीसाठी अर्जदार खिडकीशी आला असता 'विद्यार्थ्याचा अर्ज चालत नाही, पालकांना पाठवा' असे सांगण्यात आले. पालकांना पाठवले असता 'बाळ, कुणा मोठ्या माणसाला घेऊन ये' असे म्हणून हातावर लिमलेटची गोळी ठेवण्यात आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही गत. गोळी चांगली होती असे पालकांचे म्हणणे आहे.

३. ज्याच्या नावावर संगणक त्याची हजेरी न लागल्यास संगणक परत घेतला जातो. सबब अर्जदार वर्षभर दर आठवड्याला दुकानाला कुलूप लावून वर्गात जातो व छोट्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसतो. वर्गातली बहुतेक मुले अर्जदाराचीच गिऱ्हाइके आहेत. ज्यांची डोकी धरून अर्जदार आजवर 'मान सरळ! हलू नकोस!' असा ओरडला, तीच आता 'आजोबा, मान सरळ! हलू नका!' असे ओरडतात, आणि शिकवणाऱ्या बाई तोंडाला पदर लावून हसतात. बटणे मुलांच्या बोटांच्या मापाची असल्याने अर्जदाराचे एक बोट तीन अक्षरे उमटवते. याबद्दल तक्रार नाही. पेरले तेच उगवले आहे.

४. नियमाप्रमाणे पालकांनी वर्गाबाहेरच्या बाकावर थांबायचे असते. तेथे इतर मुलांच्या आया नातीला 'तुमचा कसा आहे गं अभ्यासात?' असे विचारतात. 'हुशार आहे हो, पण लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक,' असे ती सांगते. प्रगतिपुस्तकावर सहीही तीच करते, व सहीआधी बोलायचे ते बोलून घेते.

५. देणगीदार बाईंनी पत्रातून 'बाळा, मोठा होऊन तू कोण होणार?' अशी विचारणा केली. अर्जदाराने खरे तेच कळवले, की मोठे होऊन झाले आहे, केस कापतो. त्यावर 'हरकत नाही, स्वप्न मोठं ठेव' असा आशीर्वाद व विणलेली लोकरीची टोपी आली. टोपी अर्जदाराच्या डोक्यात जात नाही. बाईंना फसवल्यासारखे वाटून मात्र अर्जदाराला रुखरुख लागली आहे.

६. आता थट्टा पुरे. नव्या वर्गाची नोंदणी या आठवड्यात बंद होते. घरी संगणकावर अर्जदाराचे जेथे अडते तेथे नात चुटकीसरशी सोडवते. 'तुला गं कसं येतं?' असे विचारल्यावर कळले, की बाहेरच्या बाकाच्या अगदी टोकाला वाकून बसले तर अर्ध्या उघड्या दारातून अर्धा फळा दिसतो. तेवढ्यावर ती शिकली. उरलेला अर्धा ती रोज संध्याकाळी अर्जदाराला विचारते, आणि अर्जदाराला तो धड सांगता येत नाही. त्या वेळचा तिचा चेहरा अर्जदाराला बघवत नाही, महोदय.

तरी नातीस आत, पूर्ण फळ्यासमोर बसवावे. अर्जदार बाहेरच्या बाकावर आनंदाने बसेल. एवढेच करावे, की वर्ग चालू असताना दार पूर्ण लावू नये. अर्जदारालाही या वयात गोडी लागली आहे, हे सांगायला लाज वाटते, पण खरे आहे.

हा अर्ज अर्जदाराने त्याच संगणकावर एका बोटाने लिहिला असून चुका पालकांनी काढल्या आहेत.

आपला आज्ञाधारक, व तूर्त विद्यार्थी,
(सही)
नाक्यावरचे केशकर्तनालय
दिनांक : नोंदणी बंद होण्याआधीचा सोमवार (दुकान बंद)

सोबत : दोघांचे फोटो, या खेपेस न चिकटवता. लोकरीची टोपी जोडलेली नाही, ती पालक वापरत आहेत.

पालकांचा शेरा : अर्ज वाचला. सगळ्या चुका काढल्या, पण एक आजोबांनी काढू दिली नाही, ती इथे लिहिते. आजोबांना बाहेर बसवू नका. तिथे फार थंडी वाजते आणि अर्धाच फळा दिसतो. त्यांच्या बाकावर मी मावते. मी सरकून बसेन.
(सही, पालक)