सोळा नंबरचं टोक

बाई,

आज सकाळी सुया आणायला गेले होते. अमरावतीत आता लाँगआर्मच्या, म्हणजे गोधड्यांच्या मोठ्या मशीनच्या, सुया मिळतात, पूर्वीसारखं नागपूरहून कोणी येईपर्यंत थांबावं लागत नाही. दुकानदार नवा आहे. त्याने विचारलं, "ताई, सोळा देऊ का अठरा?" मी त्यालाच विचारलं, "कापड कोणतं आहे ते विचारलं का तुम्ही मला?" तो हसला. मी अठराची दोन पाकिटं घेतली, जीन्सच्या तुकड्यांच्या गोधड्यांसाठी वीसचं एक घेतलं, आणि सोळाचं पाकीट हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मऊ सुती कापडाला, बाळाच्या दुपट्याला सोळाच हवी, हे तुम्हीच शिकवलं. जाड सुईने जुनी साडी पोस्टाच्या तिकिटांसारखी रेषेवर फाटते, हेही तुम्हीच दाखवलं होतं. तरी मी ते पाकीट परत ठेवलं. नेहमीच ठेवते. कोणी मऊ दुपटं शिवायला आणलं तर दुसरीकडे पाठवते, मशीन बिघडलं आहे असं सांगते.

मी अकोटहून अकोल्याला, जठारपेठेतल्या त्या रजईच्या कारखान्यात आले तेव्हा मला वाटलं होतं, मशीन म्हणजे मशीन. घरी आईची पायाची मशीन होती, त्यावर मी परकर शिवलेले. पण ही निराळीच. गोधडी चौकटीवर ताणून बांधलेली, ती जागची हलत नाही; मशीनचं डोकंच रुळांवर पुढे-मागे, आडवं-तिडवं फिरतं आणि आपण दोन मुठी धरून त्याच्या मागे चालायचं. मी मुठी अशा धरल्या होत्या की तुम्ही सगळ्या बायांसमोर म्हणालात, "नव्या नवरीवानी काय लाजून राहिली वं? धर घट्ट, चावत नाई थे." सगळ्या हसल्या. मग तुम्ही मशीन बंद करून सुई काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. साध्या मशीनमध्ये कापड सरळ जातं, सुईला एकाच बाजूचा ताण. इथे चारही बाजूंनी ताण येतो, हात सुईच्या आधी धावला की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते, टोकाला बोथटपणा येतो किंवा ती तुटतेच. सुई लावताना लांब खाच समोर, खोलगट भाग मागे. टोक नायलॉनच्या जुन्या ओढणीवरून फिरवायचं, एक जरी धागा ओढला गेला तरी सुई गेली. कापड बदललं की सुई बदलायची. जाड शिवण आली की थांबायचं, सोळा काढून अठरा लावायची, ती ओलांडायची, पुन्हा सोळा. मी म्हणाले, एवढ्याशा शिवणीसाठी? तुम्ही म्हणालात, "एवढुशीच तं तोडते."

आणि तुमचा कागद. इतर कुठल्या कारखान्यात असा नियम मी पाहिला नाही. सुई तुटली की तिचे तुकडे पांढऱ्या कागदावर आणून मांडायचे. भिंग घेऊन तुम्ही ते एकापुढे एक लावायचात, पूर्ण सुई झाली की चिकटपट्टी लावायचात, वहीत सही करायचात, मगच नवी सुई द्यायचात. टोक सापडलं नाही तर गोधडी चौकटीवरून उतरवायची, लोहचुंबक फिरवायचं, तरी नाही मिळालं तर टाके उसवून कापूस हाताने पिंजत शोधायचं. अर्धा दिवस जायचा. बाया कुरकुरायच्या. तुमचं एकच म्हणणं असायचं, की आपण शिवतो त्याच्यावर कोणीतरी निजतं.

त्या दिवशी मला पाहायला पाहुणे येणार होते. आईने शेजारच्यांच्या फोनवरून निरोप दिला होता, साडेपाचच्या एसटीने ये. तुम्हाला मी सकाळीच सांगितलं होतं. तुम्ही दिवसभर चिडवत होता. "हात पाह्य आपले, मशीनच्या तेलानं कसे झाले. पाव्हन्याले वाटन पोरगी मेकॅनिक हाये." माझ्या चौकटीवर बाळाचं दुपटं आहे, अमरावतीच्या एका दुकानाच्या मागणीतलं शेवटचं. मऊ सुती कापड, मशीनला सोळा. कडेला जाड पट्टी जोडलेली, चार पदरांची शिवण. थांबायला हवं. अठरा मागायची तर तुमच्या टेबलापर्यंत जायचं, सुई बदलायची, पुन्हा यायचं. घड्याळात पाच वाजायला आलेत. मी थांबले नाही. खट् असा आवाज आला.

वरचा भाग मशीनमध्येच होता, मधला पत्र्यावर पडला होता. टोक नव्हतं. मी दुपटं चाचपलं, जमिनीवर पाहिलं, चपला झटकल्या. चुंबक तुमच्या टेबलावर होतं; ते मागितलं असतं तर तुम्ही दुपटं उतरवलं असतं. नोंद झालेल्या मोडक्या सुयांची डबी मात्र माझ्याच मशीनखाली होती. मी तिच्यातून चिकटपट्टी सुटलेलं एक टोक उचललं. कोणत्या सुईचं ते पाहिलंही नाही. दुपट्याची उरलेली वीतभर कड हातसुईने शिवली, ते घडी करून ढिगावर ठेवलं आणि तीन तुकडे तुमच्या कागदावर आणून मांडले.

तुम्ही भिंग लावलं. तुम्ही एरवी पाहायचात त्याहून जास्त वेळ पाहिलंत.

"सोळाची व्हती ना वं?"

"हो."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मी वेणीत घातलेला गजरा तेवढ्यात सैल झाला होता, तो तुम्ही नीट खोवला. वहीत सही केली आणि म्हणालात, "जाय माय, गाडी हुकन तुही."

गाडी मिळाली. पाहुण्यांनी पसंत केलं. तीन आठवड्यांनी मालकाने सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. अमरावतीच्या एका घरात बाळाच्या मांडीत, गुडघ्याच्या वर सुईचं टोक गेलं होतं. पोर रडायचं, घरच्यांना वाटायचं पोट दुखतं. ताप चढला, पाय सुजला, तेव्हा एक्स-रेच्या फोटोत दिसलं. सांध्यात पू झाला होता. मुलगी वाचली, पण पाय नीट वाढणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मालकाच्या हातात तुमची वही होती. दुपट्याच्या क्रमांकापुढे एकच तुटलेली सुई नोंदलेली होती, पूर्ण सापडली म्हणून.

"सही कोनाची हाये?" त्याने विचारलं.

"माही," तुम्ही म्हणालात.

"मशीनवर कोन व्हतं?"

"सही माही हाये ना? मंग बाकीचं कायले पायजे तुमाले?"

मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते. माझी जीभ टाळूला चिकटली होती असं मी मनाशी पुष्कळदा म्हटलं आहे, पण तसं काही नव्हतं. मला बोलता आलं असतं. लग्नाची सुपारी फुटली होती आणि मी बोलले नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंतही थांबला नाहीत. पिशवीत भिंग टाकलं, चष्म्याचं घर टाकलं आणि गेलात. दुसऱ्या दिवसापासून मालकाने तुमच्या टेबलावर मला बसवलं.

लग्नाआधी मी एकदा तुमच्या भावाच्या घरी आले होते, अकोटला. तुम्ही ओसरीवर तुरीची डाळ निवडत होता. तुम्ही पुष्कळ वाळला होतात.

"काऊन आली?"

"भेटायला."

"भेटाले आली तं बस. रडाले आली असशीन तं जाय, इथं पयलेच लय जन रडतेत माह्या नावानं." तुमची भावजय आतून भांडी आपटत होती. मग तुम्ही विचारलं, "सुई कोनती लावून राहिली आता?"

"अठरा. सगळ्यालाच."

"दुपट्याले अठरा? भोकं पडतीन, येडे."

"मालकाला सांगते मी," मी म्हणाले. "उद्याच सांगते, सुई माझी होती म्हणून."

तुमचा हात सुपात थांबला. "मले तवाच दिसलं व्हतं," तुम्ही म्हणालात. "तोंडाले तोंड जुळत नव्हतं. टोक जाड व्हतं. म्या सही केली, थे म्या केली. वाटलं, पडलं असन कुठी खाली, एका पोरीचं लगन होते तं होऊ दे. आता तू बोलून कोनाचा पाय लांब होनार हाये?"

मी ते वाक्य उचललं आणि घरी आले. तुम्ही रागाने बोललात की दुःखाने, ते विचारलं नाही. मला ते परवानगीसारखं वाटलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही वारल्याचं कळलं तेव्हा मी सासरी होते, सातवा महिना होता. कोणी येऊ दिलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. मी विचारलंच नव्हतं.

आता माझं स्वतःचं मशीन आहे, हाताखाली दोघी आहेत. तुमचा कागद मी चालू ठेवला आहे. गेल्या आठवड्यात त्यांच्यातली धाकटी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, टोक भेटून नाई राहिलं." तयार झालेली गोधडी आम्ही तिघींनी उसवली. दुपार गेली. टोक कापसात सापडलं. तिला वाटलं मी रागावले आहे, कारण मी तिच्याशी दिवसभर बोलले नाही. मला तिचा हेवा वाटत होता. किती सहज येऊन सांगितलं तिने.

बाई, परवानगी देणाऱ्या तुम्ही नव्हतातच, हे समजायला मला इतकी वर्षं लागली. त्या दुपट्यातली मुलगी याच गावात आहे. लग्न होऊन आले त्या वर्षीच मी घर शोधून काढलं होतं. ती आता कॉलेजात जाते, एका चपलेला जाड तळ लावलेला आहे. तिच्या घरच्यांना आजही वाटतं की अकोल्यातल्या कोण्या म्हाताऱ्या बाईने न पाहता सही ठोकली. तिची आई तुम्हाला अजून शिव्या देते, हे मी त्यांच्याच गल्लीतल्या भाजीवालीकडून ऐकलं, आणि भेंडी घेऊन परत आले.

दुपारी लिहायला बसले तेव्हा कागदाच्या वर मी त्या मुलीच्या आईला 'ताई' असं लिहिलं होतं. ते खोडून तिथे 'बाई' केलं. तुम्हाला लिहिणं सोपं गेलं.