पुरेवाल्यांची लिफ्ट

प्रिय धाकट्या कासिल्देला थोरल्या ओब्दुलियाचा आशीर्वाद. हवा तेवढा घे, जपून वापरू नकोस. आमच्या इमारतीत बिनमोजणीची तेवढी एकच वस्तू उरली आहे. गुडघा कसा आहे? ऑलिव्ह झोडपून झाले का? कोंबड्यांना माझी आठवण सांग, त्या तुझ्यापेक्षा लवकर उत्तर देतात. मी बरी आहे. अक्षर बघून दचकू नकोस, या वयात मी काही शाळेत गेलेले नाही. तळमजल्यावरचे प्रोफेसर फेरियोल लिहून घेतायत. दुसऱ्याच्या बोलण्यात ढवळाढवळ करायची नाही हे त्यांचं तत्त्व आहे, त्यामुळे मी त्यांना काहीही म्हटलं तरी त्यांना ते लिहावं लागतं. (नाक वांग्यासारखं आहे त्यांचं. बघ, लिहिलं बिचाऱ्यांनी.)

नात नेउस मला बार्सिलोनातल्या या सहकारी इमारतीत घेऊन आली तेव्हा तू म्हणाली होतीस, ही कसली माणसं, बघून घे. बघितली. सगळी पुरेवाली आहेत. म्हणजे जग फार वाढलं, आता पुरे, असं म्हणणारी. ज्यांच्याकडे जास्त आहे त्यांनी आवरतं घ्यायचं, म्हणजे छप्पर, पाणी, ऊब, डॉक्टर हे सगळ्यांना हक्काने मिळेल. मला हे पटतं. न पटायला काय झालं, आपण सात भावंडं दोन जोड बुटांत वाढलो (ज्याची पाळी त्याने चर्चला जायचं), तेव्हा आपल्याला कोणी विचारवंत म्हटलं नाही एवढंच. इथली पोरं म्हणतात, आजी, तुम्ही तर आमच्या आधीच्या पुरेवाल्या. मी म्हणते, बाबांनो, पुरे म्हणायला आधी ताटात काहीतरी पडावं लागतं. आमच्यावर ती वेळच आली नाही.

तर यांचं सगळं सामाईक. कपडे धुवायची मशीन सामाईक, शिडी सामाईक, रविवारच्या भाताची भलीमोठी पाएल्याची कढई सामाईक (ती माझ्याकडे असते, कारण भात मी करते आणि बाकीचे करतात त्याला मी खीर म्हणते). निर्णयही सामाईक. सभा भरते, पण टाळ्या वाजवायच्या नाहीत. मान्य असेल तर पिठाचे हात झटकल्यासारखे दोन्ही हात वर करून हलवायचे. अमान्य असेल तर छातीवर हातांची फुली. एकाने फुली घातली की गाडी अडली, सगळे मनापासून राजी होईपर्यंत तिथेच बसायचं. मतदान करत नाहीत, कारण त्यात कोणीतरी हरतं.

हिवाळ्यात मी खोकल्याने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा यांनी लिफ्ट बंद केली. विजेची उधळपट्टी म्हणून, आणि आधी नुसती करून बघायला. पुन्हा सुरू करायची तर सगळ्यांची संमती हवी. सभा खाली अंगणात, मी पाचव्या मजल्यावर. अंगणात जायला मला लिफ्ट हवी आणि लिफ्ट मिळवायला मी अंगणात हवी. फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपासून माझा पाय रस्त्याला लागला नव्हता, कासिल्दा. भाजी नेउस आणायची, पाव मी टोपलीला दोर बांधून वर ओढायची. आपल्या तरुणपणी मला कोंडून ठेवायचं असतं तर सरकारला शिपाई पाठवावे लागले असते. इथे गोड गोड माणसांनी नुसते हात हलवले.

मी सज्ज्यातून ओरडून माझं गाऱ्हाणं घातलं. प्रोफेसर मान वर करून म्हणाले, "ओब्दुलियाबाई, वर्तुळात बसलेल्यांनीच बोलायचं असतं."

"मग वर्तुळ जरा मोठं काढा की."

"वाढ नको म्हणून तर बसलोय, आजी," कोणीतरी म्हणालं आणि सगळी हसली. मीही हसले. आत गेले आणि मग मला रडू आलं, पण ते लिहू नका. (लिहिलंत का? तत्त्व.)

संध्याकाळी प्रोफेसर पाच जिने चढून मला समजवायला आले. घराबाहेर पडणं हा हक्क आहे, लिफ्ट ही सोय आहे. हक्क सगळ्यांना सारखा, सोयीला मात्र मर्यादा हवी, असं त्यांनी दम घेत घेत सांगितलं. मी म्हटलं, "मग माझा हक्क वर आणून द्या. टोपली सोडते."

पुढच्या रविवारी मी निरोप धाडला की कढई जड आहे, खाली येणार नाही. भात खायचा असेल त्याने वर यावं, आणि येताना सभाही घेऊन यावी. सगळी आली. कोणी तिसऱ्या मजल्यावर टेकलं, कोणी चौथ्यावर, पण व्हर्मुथची बाटली पहिली पोचली. भात खाल्ला, तळाची खरवड भांडून खाल्ली, मग लिफ्टचा विषय निघाला. हात हलू लागले, पण प्रोफेसरांनी फुली घातली. एका इमारतीने सूट घेतली की सगळं शहर घेईल म्हणाले. बराच वेळ गेला. शेवटी कोणीतरी म्हणालं, आता सभा संपवूया, विषय पुढच्या वेळी.

मी छातीवर हातांची फुली घातली.

आधी कोणाला कळेना. मग नेउस हळूच म्हणाली, "आजीची हरकत आहे. सभा संपत नाही."

"असं कसं, संपवायलाही संमती लागते?"

"नियम तुमचाच आहे," मी म्हटलं. "मी आपली वर्तुळात बसलेली म्हातारी."

कोणी उठून गेलं असतं तर मी काय करणार होते? पण ही माणसं प्रामाणिक आहेत, हीच त्यांची अडचण. सगळी बसून राहिली. मी कॉफी केली. कोणाचं पोर पेंगुळलं, कोणाचं कुत्रं खाली भुंकत होतं. आणि संध्याकाळी मॅच होती. टीव्ही सामाईक, खाली, अंगणाशेजारच्या खोलीत. पहिल्यांदा घड्याळाकडे कोणी बघितलं हे मी सांगणार नाही (त्यांचं नाक वांग्यासारखं आहे). मग ते म्हणाले की गरजेला सोय म्हणणं ही विचारातली चूक असू शकते. मी म्हटलं, "असू शकते की आहे?" शेजारच्या इमारतीतून मॅचआधीच्या राष्ट्रगीतासारखा गोंगाट ऐकू आला.

"आहे," प्रोफेसर म्हणाले आणि फुली सोडली.

सोमवारी मी खाली उतरले. काही केलं नाही. दारात उभी राहिले, बस गेली, एका बाईने धक्का मारला, मी तिला शिवी दिली, तिने मला दिली. फार बरं वाटलं.

तुझी,
ओब्दुलिया

ता. क. घाईत ठरलं म्हणून नियमाला एक शेपूट राहिलं: लिफ्ट सुरू करायला आत किमान दोन माणसं हवीत, त्यांतल्या एकाला तरी गरज हवी. नेउस पहाटेच इस्पितळात कामाला जाते आणि माझ्या मजल्यावर दुसरं कोणी नाही. तू तिथे कोंबड्यांशी बोलतेस, मी इथे दाराशी. इकडे राहायला ये. तू आलीस की आपण दोघी गरजू.

दुसरा ता. क., प्रोफेसर गेल्यावर मी नेउसकडून लिहून घेतलेला. तोवर दुसरं माणूस म्हणून प्रोफेसर येतात. मला खाली न्यायला रोज पाच जिने चढतात, आणि मग आम्ही लिफ्टने उतरतो. उतरताना जगाचं कसं होणार ते सांगत असतात. काल त्यांना तिसऱ्या मजल्यापर्यंत काही सुचलं नाही, गप्प उभे होते, आणि मला ते बरं वाटलं. तेव्हा यायचं तर लवकर ये. उशीर केलास तर मग कोंबड्यांपाशीच राहा.