तिसरा बोल्ट

गंगाखेड
सोम. ता. १० जानेवारी १९४४

डाव्या हातानं लिहितोय. अक्षर मलाच लागेना. उजव्या मनगटाला प्लास्टर, आज सहावा दिवस. मोटारीच्या हँडलनं उलटा झटका दिला, हाड मोडलं. डॉक्टरबाईंनीच बसवलं. बसवताना म्हणाल्या, "विठ्ठलराव, कंपाउंडरही तुम्ही, ड्रायव्हरही तुम्ही. एका हाडात माझी दोन माणसं गेली."

तेव्हापासून बाई स्वतःच मोटार चालवतात. बटण दाबून स्टार्टरवर चालू करायची, हँडलला कुणी हात लावायचा नाही. आज सकाळी बटण दाबलं. खडाड् आवाज, मग काही नाही. स्टार्टरचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात अडकून बसलं. आता हँडलही फिरेना. गिअरात टाकून पाच जणांनी गाडी पुढं-मागं हलवली. पाचही जण घामाघूम. चाक तसंच.

जीव टांगणीला. राणीसावरगावची सोजर, तिसऱ्यांदा गरोदर. पहिली दोन लेकरं दवाखान्याच्या वाटेतच, बैलगाडीत गेली. बाईंनी शब्द दिलाय, कळा सुरू झाल्या की निरोप धाडा, मी येते. दिवस भरत आलेत. आठ कोस.

मंगळ. ११

परभणीहून मोटारमिस्त्री आला. गाडीखाली घुसला, अर्ध्या तासानं निघाला. स्टार्टर तीन बोल्टांवर. दोन खालून दिसतात. तिसरा वर, इंजिन अन् धुराच्या नळीच्या मधी, वरून स्टीअरिंगची पेटी आडवी. हात जातो तर पाना जात नाही. पाना गेला तर डोळा जात नाही.

"इंजिन उतरवावं लागंल. साखळीची पुली लागती. तीन हप्ते धरा."

साडेचारच्या गाडीनं गेला. बाई पायरीवर बसून राहिल्या. पेशंट आले, तपासले, पुन्हा पायरीवर.

स्टेशनमास्तर म्हणतात चुडाव्याला नामदेव फिटर आहे. शेतकऱ्याघरचा. पूर्णा स्टेशनच्या इंजिनशेडात तीस वर्षं काढली, आता घरीच. गार्डाच्या हाती चिठ्ठी दिली. भरवसा फार नाही, आगगाडीचा माणूस मोटारीचं काय करणार?

गुरु. १३

नामदेवमामा आले. धोतर, बंडी, मुंडासं, हातात गोणपाटाची पिशवी. स्टेशनवर हमालानं हाताला धरून उतरवलं. वाटलं, गुडघे दुखत असतील. जवळ आल्यावर पाहिलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधाच्या सायीसारखा.

दवाखान्यात आल्यावर बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "ह्यांना दिसत नाही." हळू म्हटलं होतं. मामांनी ऐकलं.

"खरं हाय, डायवरसाहेब. मला दिसत न्हाई. पण त्यो बोल्ट तुमाला तरी कुठं दिसायलाय?"

बाई हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदा.

मामांनी आधी बॅटरीची तार सोडायला लावली. मग पुढच्या सीटसमोरच्या, पायाखालच्या फळ्या काढायला लावल्या. हे मला सुचलं नव्हतं, परभणीच्या मिस्त्रीलाही नाही. पालथे पडले, खांद्यापर्यंत हात आत. दिवसभर पाना हातात धरला नाही. नुसतं चाचपायलेत. मधूनच म्हणायचे, "ज्वारीचं धाट द्या." कडब्यातलं धाट दिलं की आत घालायचे, कुठंतरी टेकवायचे, नखानं खूण करून मोडायचे अन् बंडीच्या खिशात. अशी चार धाटं.

माझ्या मनात : दिवस वाया. 

शुक्र. १४. संक्रांत

बाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. मामा लोहाराकडं गेले, मला संगं घेतलं. माझा पाना मागितला. हैदराबादहून आणलेला, सगळ्यात चांगला. भट्टीत घातला! मी ओरडलोच.

"मामा, पाना वाकडा झाला तर कामातून गेला."

"बोल्ट वाकड्या जागी बसलाय, बाबा. सरळ पाना घेऊन आयुष्यभर त्याच्यासमोर बसशीला."

धाटं काढून लोहाराच्या हातात एकेक दिलं. इतकं लांब, इथं वाकव, इथं उलटं. लोहार घण मारायचा, मामा गार झाल्यावर बोटं फिरवायचे. "अजून गव्हाभर." पुन्हा भट्टी. तीनदा. माझ्या पान्याचं नागमोडी काहीतरी झालं. मला राग होता, पण पाहत उभा होतो. जेवायचंही सुचलं नाही.

परत आल्यावर मोराच्या पिसानं तिसऱ्या बोल्टाला रॉकेल पाजलं. "आता त्याला बसू द्या निवांत."

शनि. १५

आजचं सगळं लिहायचंय. हात दुखतोय तरी.

सकाळी खालचे दोन बोल्ट निघाले. तिसऱ्याला वाकडा पाना घातला. बसला! पहिल्याच झटक्यात बसला, जसा काही त्याच्यासाठीच... होताच त्याच्यासाठी. पण फिरायला जागा नखाएवढी. इतकंच फिरवायचं, काढायचा, उलटा करून घालायचा, पुन्हा इतकंच. मामांचा गाल उरलेल्या फळीला टेकलेला, डोळे मिटलेले.

दहाच्या सुमाराला राणीसावरगावहून घोड्यावर माणूस आला. सोजरचा दीर. पहाटेपासून कळा सुरू. सुईण म्हणते, मूल पायाळू आहे.

बाई पेटी घेऊन बाहेर. "बैलगाडी जुंपा."

मामा आतूनच : "जुंपू द्या बाई. बैलं आणायला येळ लागतो. तवर मला काम करू द्या."

दीर हात जोडून उभा, रडायलाय. माझा धीर सुटला. "मामा, हाणा की हातोडा! दोन घाव घाला!"

"घाव घातला तं बोल्टाचं डोकं तुटंल. मंग इंजिनच उतरवा. गप ऱ्हावा जरा, मला ऐकू येईना."

काय ऐकत होते? बोल्टाची करकर. मी गप्प झालो. दीरही गप्प झाला. आवारात बारा-पंधरा माणसं, कुणी हूं नाही. नखभर, काढ, उलट, घाल. घामानं बंडी पाठीला चिकटलेली, पण हात एकाच चालीत. मी घाई केली असती. कुणीही केली असती.

बैल दारात आले तेव्हाच बोल्ट खाली टणकन् पडला.

स्टार्टर हलला पण निघेना. मी डाव्या हातानं ओढायला गेलो, मामांनी मनगटावर चापट मारली. "तोंड वर, शेपूट इंजिनाकडं, मंग खाली." हेही धाटानं आधीच मोजून ठेवलं होतं. फिरवला, अन् अलगद खाली. त्याच्या मोकळ्या भोकावर चामड्याचा तुकडा आवळून बांधला, बॅटरीची तार पुन्हा जोडली.

हँडल आता फिरायला लागलं. मामांनी मला विचारलं, "तुमी अंगठा कुठं ठिवत होता?" दाखवलं. "म्हणूनच मोडलं. अंगठा बोटांच्याच बाजूला ठिवायचा. खालून वर वढायचं, वरून दाबायचं न्हाई. अन् आधी ही ठिणगीची दांडी मागं घ्यायची, मंग उलटा झटका बसत न्हाई. शेडात सायबाची मोटार मीच चालू करायचो." सहा वर्षं मोटार चालवतोय. कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मामांच्या दुसऱ्या ओढीला इंजिन बोललं.

बाई स्टीअरिंगवर. मामा बाजूला बसले, वाटेत बंद पडली तर हँडल मारायला. दीर मागं. मला जागा होती, पण मोडका माणूस कशाला. धूळ खाली बसेपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो.

रवि. १६

साडेअकराला परत. मुलगी झाली. सोजर बरी आहे. पायाळूच होती. बाई एवढंच म्हणाल्या, "बैलगाडीनं गेले असते तर उशीर झाला असता." अन् हात धुवायला गेल्या. हात धुताना किती वेळ नळाखालीच धरले होते.

ओढ्यात एकदा मोटार बंद पडली म्हणे. मामांनी गुडघाभर पाण्यात उभं राहून चालू केली. मामांना विचारलं, मुलगी कशी आहे? "रडणं दणदणीत हाय. बाकी मला काय दिसतंय."

सोम. १७

बाईंनी मामांना उन्हात खुर्चीवर बसवलं, पापण्या वर करून बराच वेळ पाहिलं.

"पिकलाय. काढता येईल. परभणीला माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, हात चांगला आहे त्यांचा."

"दिसंल?"

"चष्मा लावून दिसेल."

मामांनी दोन्ही हात उन्हात धरले, बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाले, "बाई, डोळे गेल्यावर माझे हात शहाणे झाले. शेडात असताना इतके नव्हते. आता डोळे आले अन् हात पुन्हा येडे झाले तं?"

मला वाटलं बाई हसतील, समजूत काढतील. त्या म्हणाल्या, "ते मला माहीत नाही, मामा."

किती मोठी बाई आहे ही. दुसरा कुठला डॉक्टर असं म्हणाला असता?

गुरु. २०

मामांनी औषधाच्या टेबलावर स्टार्टर उघडला. एकेक भाग काढून थाळीत ओळीनं मांडला, मला ताकीद, हलवायचं नाही. दांडा केसभर वाकलेला, स्प्रिंग तुटलेली. दांडा त्यांनी सरळ केला. लाकडाच्या ठोकळ्यावर, गालाला लावून पाहत, म्हणजे गालानंच पाहत. स्प्रिंग हैदराबादहून आली तर. लढाईमुळं सामान येईल का, कुणी सांगावं. तोवर हँडल.

मला वाकडा पाना द्यायला लागले. म्हटलं, "तुम्हीच ठेवा मामा." म्हणाले, "माझ्या घरी कुठं मोटार हाय!" मग मीच ठेवला. भिंतीला खिळा मारून टांगला.

दुपारच्या गाडीनं चुडाव्याला गेले. बाईंनी परभणीच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली. मामांनी ती घडी करून मुंडाशात खोवली. जातो म्हणाले नाहीत, जात नाही म्हणाले नाहीत.

मंगळ. १ फेब्रुवारी

बाई रोज टपाल आलं की विचारतात. परभणीहून काही नाही.

आज स्टेशनवर औषधाची पेटी आणायला गेलो. चुडाव्याला चिठ्ठी नेलेला तोच गार्ड भेटला. म्हणाला, नामदेव फिटर रविवारी परभणीच्या फलाटावर दिसले. बाकावर एकटेच. चिठ्ठी उघडून मांडीवर ठेवलेली, तिच्यावरून बोटं फिरवायलेत. यानं हाक मारली, "मामा, दवाखान्याला न्यायचं का कुणी?" ते म्हणाले, "बसू दे जरा."

"मग? गेले का?"

गार्ड म्हणाला, काय की. त्याची गाडी सुटायला लागली होती.