चीजमधले सरगुंडे

माय, आज मी सरगुंडे चीजमध्ये बुडवले. तू असतीस तर आधी कपाळावर हात मारून घेतला असतास आणि मग विचारलं असतंस, "हे चीज काय असते वं?" सांगते. पण त्याआधी हे सांगते की तो पदार्थ पाहुण्यांना आवडू नये म्हणून केला होता. त्यांनी तो वाट्या चाटून खाल्ला, आणि आता माझी पोरगी अडकली.

तू गेलीस तेव्हा ती रांगत होती. आता कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे आणि तिला संभाजीनगरला हॉटेलचा स्वयंपाक शिकायला जायचंय. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "स्वयंपाक शिकायला कुणी फी भरून जातं का? आईकडून शिक की फुकट!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. वाईट नाहीत गं हे. मारत नाहीत, पीत नाहीत, दुकान बरं चालतं. पण ह्या घरात माझं बोलणं म्हणजे कुकरची शिट्टी, ऐकू सगळ्यांना येते, उठून कुणी बघत नाही. देऊळगाव राजाला येऊन एवढी वर्षं झाली, अजून बालाजीच्या देवळापलीकडे मी एकटी गेले नाही. भाजी हे आणतात, किराणा दीर आणतो. सोनाळ्याहून आले तेव्हा "मले, तुले" बोलायचे तर जावा तोंडाला पदर लावून हसायच्या. मग ते बोलणंही सोडलं. आज तुला लिहिताना बघ कसं कुठूनतरी वर येतंय.

तर सुलतानपूरचं स्थळ आलं. शेती, घर, एकुलता एक मुलगा. मध्यस्थानं आधीच बजावलं होतं, "त्यांना साधी पोरगी पाहिजे, शहराचं वारं लागलेली नको." ते ऐकलं आणि माझं डोकं चालायला लागलं. रात्रभर विचार केला नाही की काही नाही, तिथंच भांडी घासता घासता पोरीला म्हटलं, "पोह्यांच्या ऐवजी तुझं ते मोबाईलवरचं कर. मॅकरोनी का काय. म्हातारी माणसं एक घास खातील आणि म्हणतील, ह्या पोरीला भाकरी यायची नाही, चला." ती आधी घाबरली, मग अशी हसली माय, की किती दिवसांनी हसली म्हणून मलाच बरं वाटलं.

आता मॅकरोनी आणायची कुठून? पाकीट मिळतं बाजारात, पण दिराला आणायला सांगितलं तर घरभर चौकशी. म्हणून सगळं घरीच करायचं ठरवलं. पोरीनं मोबाईलवर ती पोकळ नळी दाखवली, आणि मी म्हटलं, अगं बाई, हे तर आपले सरगुंडे! आठवतं, लग्नात तू माझ्या पेटीत साड्यांच्या खाली काड्यांची जुडी ठेवली होतीस, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून? इथं शेवया करतात, सरगुंडे कुणाला ठाऊक नाहीत. सासूबाईंनी जुडी बघून विचारलं होतं, "दात कोरायला दिल्या का आईनं?" तेव्हापासून पेटीतच होती. ती काढली. कणीक घट्ट मळली, बारीक दोरी वळत काडीवर गुंडाळत गेले, वाफवून अलगद सरकवून काढले. पोरगी शेजारी बसून बघत होती. तिचे दोन मोडले की ती चिडायची आणि मी तुझ्यासारखीच म्हणायचे, "दम धर वं, काडीले घाई नसते."

चीज पण घरचंच. म्हशीचं दूध लिंबानं फाडलं, फडक्यात पिळलं, मग तूप, मीठ, चिमूटभर सोडा घालून मंद आचेवर वितळवलं, रंगाला हळद. ताणलं की तार येते, गंमतच आहे. मग मैदा तुपात भाजून त्यात दूध. तो रस्सा म्हणजे दुसरं काही नाही गं, पांढरं पिठलंच. सोनाळ्याच्या चुलीपाशी माझ्या पिठल्यात गुठळ्या झाल्या म्हणून तू डाव हिसकावून घेतला होतास, "इकडंतिकडं काऊन पाहतं? पिठावर ध्यान ठेव!" आज मी रश्श्यावरून नजर हलवली नाही. चुकलं माझं. दोन गुठळ्या होऊ दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण हात ऐकेना. वाईट करायला बसले होते आणि हाताला वाईट करताच येईना.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि तोंडाचं बोळकं झालेली आजी. पोरीनं ट्रे नेला आणि ठरल्याप्रमाणं ठसक्यात म्हणाली, "मॅकरोनी अँड चीज आहे." मुलाच्या आईचा चेहरा पडला. मी मधल्या दारात उभी, मनात म्हणतेय, जमलं. तेवढ्यात आजीनं एक सरगुंडा उचलून उजेडात धरला, त्याच्या पोकळीतून पलीकडं पाहिलं. "अवं, हे तं सरगुंडे हायेत! कोणं वळले?" पोरगी म्हणाली, "आजी, मॅकरोनी आहे ही." "तू काही म्हण माय. माही सासू गेली आन् आमच्या घरात कोणं वळलेच नाहीत. दात नाही मले, पाहा कसे जाऊन राह्यले पोटात!" ती खात राहिली, तिच्यामागून बाकीचेही खात राहिले. वाटी खाली ठेवून तिनं मुलाच्या बापाला सांगितलं, "हीच पोरगी. दुसरीकडं पाहू नको." मुलगा खाली मान घालून लाजला. चांगला आहे गं तो मुलगा. त्याच्यात खोट काढायलाही जागा नाही.

हे लगेच कुंकवाच्या कार्यक्रमाचं बोलायला लागले. मग माझ्यानं राहवलं नाही. मी दारातून पुढं आले आणि म्हणाले, "मला पोरगी द्यायची नाही."

मग मुलाची आई उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "विहीणबाई, आईचं काळीज असंच असतं. माझीही आई असंच म्हणाली होती." सगळे हसले. हे म्हणाले, "रडूबाई आहे आमची." आणि खरंच माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तेच नडलं. मी परत म्हटलं, "नाही द्यायची, तिला शिकायचंय." परत हसले, अगदी मायेनं हसले. "लेकीसारखी ठेवू, काळजी करू नका." भांडायला कुणी असतं तर भांडले असते माय, पण तिथं सगळे मलाच समजावत होते. आजीनं वाटी पुढं केली, "थोडं वाढ वं अजून." आणि मी वाढलं.

पाहुणे गेल्यावर पोरगी स्वयंपाकघरात आली. भांड्याला लागलेलं चीज ती नखानं खरवडत होती. माझ्याकडं न बघता विचारलं, "मम्मी, तू खरंच म्हणत होतीस ना? की ते असंच म्हणतात?" मी म्हटलं, "खरंच." ती म्हणाली, "मग परत म्हण. पण रडू नको म्हणताना."

हे ओसरीत फोनवर मांडववाल्याशी बोलतायत. मी तोंड धुतलंय. फोन झाला की जाऊन सांगणार आहे. ऐकतील की पुन्हा रडूबाई म्हणतील, कुणास ठाऊक. तोवर तुला लिहायला बसलेय. हा कागद नंतर चुलीत जाईल, तुझ्यापर्यंत कशाला पोचतोय!

पण पोरीनं विचारलं आणि मला सोनाळ्याचं अंगण आठवलं. ह्यांच्या घरचे लोक मला बघायला आले होते, आणि तू दाराशी उभी राहून म्हणाली होतीस, "माही पोरगी लहान हाय. मले नाही द्याची." सगळे हसले होते, बाबाही. इतकी वर्षं मी समजत आले, तशी पद्धतच असते, आया असंच म्हणतात. तू खरंच म्हणत होतीस का गं माय? मी तुला कधी विचारलंच नाही. त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीसुद्धा हसले होते.