कणगीचं नाणं आणि काचेचं ताट

खोडाळा, ता. मोखाडा
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. तुषार यास दाजीचे आशीर्वाद, आणि सौ. सपनालाही.

ठाण्याची हवा मानवते का, सपनाचा खोकला गेला का, आणि तू अजून कंपनीच्या गाडीत झोपून पुढच्या स्टॉपला उतरतोस का, हे सवडीने कळवावं. इकडे आम्ही खुशाल आहोत. खुशालीत थोडी तूट आली आहे, ती पुढे येईलच. फोन का केला नाही, असं तुला वाटेल. तर फोनला रेंज मिळते ती आमच्या ओटीवरच्या एकाच खांबापाशी, आणि त्या खांबाला टेकून सध्या दिवसभर तुझी ताई बसलेली असते. शिवाय तीस वर्षं पोस्टात राहून लोकांची पत्रं वर सूर्यमाळच्या पठारापर्यंत चढवली, पण स्वतः कुणाला एक ओळ लिहिली नाही (लिहिली असती तर ती घेऊन मलाच चढावं लागलं असतं). म्हटलं, सुरुवात मेहुण्यापासून करू. चूक झाली तरी घरातच राहते.

आधी ताईचं. जव्हारला डोळ्याचं ऑपरेशन होऊन आज बावीस दिवस झाले. दिसतं चांगलं. समोरच्या टेकडीवर कुणाची बकरी चरते ते ती सांगते, आणि मी दाढी नीट केली नाही हेही सांगते. पण निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की चाळीस दिवस चुलीचा धूर डोळ्याला लागता कामा नये. लागला आणि डोळा सुजला, तर केलेलं सगळं वाया. मी मान हलवली. ताईने हलवली नाही. घरात गॅसची टाकी आहे, पण ती संपली की गाडी कधी येईल हे गाडीवाल्यालाही ठाऊक नसतं. आणि नागलीची भाकर ती चुलीवरची, बाकीचं सगळं आजाऱ्याचं जेवण, हे तुझ्या ताईचं मत तू लहानपणापासून ऐकतो आहेस. म्हणजे मी जरा पाठ फिरवली की ही काळा चष्मा लावून फुंकणी हातात घेणार. या काळजीत मी असताना तू मायक्रोवेव्ह पाठवलास. खरं सांगतो, खोकं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्यामुळे दाजीला रडू यावं आणि तेही आनंदाने, असं आपल्याकडे प्रथमच घडलं.

सोबत आलेलं माहितीचं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पाड्यात एवढं वाचणारा दुसरा कुणी नाही, म्हणून ते सगळ्यांना समजावून सांगण्याची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली (कुणी दिली नव्हती). भावेश वायरमनला बोलावून अर्थिंगची तार नीट घालून घेतली आणि तीन पिनांचा सॉकेट बसवला. मागे आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवायची, हवा खेळली पाहिजे, असं पुस्तकात होतं. ती मी ठेवली. तासाभराने बघतो तर त्या मोकळ्या जागेत सूप, लसणाची जुडी आणि शेजारच्या प्रमिलाचे वाळत घातलेले पापड. ते हलवले. मग पेटी पुसायला ताई राख आणि नारळाची शेंडी घेऊन आली. म्हटलं, अगं, हे पातेलं नव्हे, आधी पिन काढायची आणि ओल्या मऊ फडक्याने आतून हलकं पुसायचं. ती म्हणाली, इतकं जपायचं असेल तर हिच्याच डोळ्यात औषध घाला.

आता मूळ प्रकरण. पेटी कधीही रिकामी चालवू नये, असं पुस्तकात ठळक छापलं आहे. मी ते मोठ्याने वाचलं आणि तुझी ताई एकदम खूश झाली. कारण आपल्याकडे नवी कणगीसुद्धा रिकामी घरात ठेवत नाहीत. तळाशी मूठभर भात आणि एक नाणं ठेवायचं, म्हणजे धान्याची आई कणसरी रुसत नाही. पुस्तकाचं आणि माझ्या सासूबाईंचं असं एकमत झालेलं बघून मलाही बरं वाटलं. पण बरं वाटून मी गप्प बसलो आणि ताई गप्प बसली नाही. तिने आतलं काचेचं ताट उचललं, त्याखाली मूठभर नवा भात पसरला, वर तुझ्या आईचा राणीछाप रुपया ठेवला आणि ताट परत झाकलं. मला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अख्ख्या पाड्यासमोर पेटी चालवून दाखवायचं ठरवलं. धातू आत जाता कामा नये, हे मी इतक्यांदा सांगितलं की प्रमिलाचा स्टीलचा डबा अंगणात ठेवायला लावला, आणि बांगड्या घातलेल्या बायांना उंबऱ्याबाहेर उभं केलं. काचेच्या वाटीत आंबील ठेवली, दार लावलं, बटण दाबलं. ताट लंगडत फिरू लागलं. आणि मग आतून ताडताड निळ्या ठिणग्या. पाड्यातला पांड्या जो पळाला तो थेट अंगणाबाहेरच्या आंब्यापाशी थांबला. मी मात्र पुस्तकाप्रमाणे दार न उघडता आधी बटण बंद केलं, पिन ओढली आणि सगळं शांत होईपर्यंत उभा राहिलो. दार उघडलं तर भाताच्या चार लाह्या आणि राणीसाहेबांच्या गालावर काळा डाग.

सगळे रुपया बघायला वाकले. मी ते गरम ताट उचललं आणि धुवायला म्हणून मागच्या ओल्या दगडावर ठेवलं. टच्च आवाज झाला आणि ताटाचे दोन तुकडे. गरम काच गार पाण्यावर ठेवू नये, हे सोळाव्या पानावर आहे. मी आदल्या दिवशी तेच पान दोनदा वाचून दाखवलं होतं. आत येऊन मी म्हणालो, नाण्यामुळे ताटाला तडा गेला. ताई रुपया पदराने पुसत बसली, त्या दिवशी जेवलीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं, पण खरं काही तोंडातून निघेना.

पेटी सुखरूप आहे, भावेशने तपासली, दार घट्ट लागतं. पण ताटाशिवाय ती चालवायची नाही. पांड्याने परातीचा पत्रा गोल कापून आणला होता, त्याला मी पुन्हा आंब्यापर्यंत पाठवलं. आमच्या जेवणाचं व्यवस्थित चाललं आहे. कसं, ते विचारू नकोस. माझे डोळे जरा चुरचुरतात, ते थंडीने. अक्षर वाकडं आलं असेल तर उजव्या हाताला दोन फोड आहेत, तेही थंडीनेच. पत्राला धुराचा वास आला तर तो शेकोटीचा समजावा.

तुझा,
लक्ष्मण दाजी

ता. क. तेवढं काचेचं ताट लवकर पाठव. सोबत दोरा ठेवला आहे, तो ताटाच्या आरपार मापाचा आहे.

ता. क. दगडाचं ताईला सांगू नकोस.

ता. क. (हे मी प्रमिला लिहिते, वेणूकाकू, म्हणजे तुमची ताई, सांगते तसं.) तुषार, पाकीट चिकटवायला भाताची खळ लाव म्हणून तुझ्या दाजींनी पत्र माझ्याच हातात दिलं. प्रमिलाने वाचून दाखवलं. दगडाचं माला तवाच कळलं. डोळ्याला चष्मा होता, कानाला नव्हता. आज सतरा दिस झाले, चुलीपुढं तेच बसतात. माला उंबऱ्याच्या आत येऊ देत नाय. मी ओटीवरून सांगते, पीठ किती, पाणी किती. पयल्या दिशी भाकरीचे चार तुकडे झाले, चारी माला वाढले आणि माला भूक नाय म्हणाले. ताट पाठव, पन चाळीस दिस झाल्यावर पाठव. आधी नको. काल त्यांची भाकर फुगली.