अंगावर काहीच आलं नाही

शनिवार, ९ मार्च
पोरगा पुन्हा मागे लागला. "बाबा, विका आता ती स्कूटर." का? तर फाटकाला जराशी घासली! फाटकच मेलं अरुंद.
स्कूटर गेली की मी संपलो. बाजार, दवाखाना, हिला हिच्या बहिणीकडे सोडणं — सगळं तिच्यावरच. मग काय, खुर्चीत बसून भिंतींशी बोलू?
वर समजूत काढायला उद्याची तीन तिकिटं आणलीत. त्याच्या त्या रॉक बँडचा सिनेमा. गोष्ट वगैरे नाही, नुसता कार्यक्रम — तोही थ्रीडीत. कानाचे पडदे फाटले तर? कापूस काढून ठेवलाय.

रविवार, १० मार्च
बघितला! चार थेरडे. माझ्याच वयाचे. चामड्याच्या पँटी इतक्या घट्ट, की बसले तर उसवतील. म्हणूनच दोन तास उभे! गाणारा पोटात कळ आल्यासारखा वाकून ओरडत होता. ड्रमवाल्याने तर सदराच काढला — बरगड्या मोजून घ्या.
दारावर काळा चष्मा दिला. कुणाकुणाच्या नाकावर बसून आला असेल! तीनदा पुसला.
गिटार पुढे आली की अख्खं थिएटर खाली वाकायचं. ड्रमवाल्याने काठी भिरकावली, तर ही किंचाळली आणि झेलायला हात वर! या वयात! मी ताठ. पापणीही लवली नाही. पडद्यावरचं चित्र अंगावर येईल कसं? वेडे सगळे.

सोमवार, ११ मार्च
पोराला सुनावलं. "सगळे घाबरून वाकले, मी एकटा हललो नाही. आणि म्हणे मला स्कूटर झेपत नाही!"
वाटलं, आता गप्प बसेल. कसलं काय! खुर्ची जवळ ओढली. मग हळूच, "बाबा, ती काठी तुमच्याकडे आलीच नाही?"
"नाही."
"एकेक डोळा झाकून बघा बरं."
मला शिकवतोय! जेवण गेलं नाही.

मंगळवार, १२ मार्च
थिएटरवर जाऊन दारवानाला झापलं — चष्मा बाद दिलात! बिचाऱ्याने दुसरा दिला, आत डोकावू दिलं. तेच. तिसरा दिला. तेच.
"काका, याला दोन्ही डोळे लागतात."
आगाऊ! तिथेच रागाने उजवा डोळा झाकला.
धुकं. दारवानाचा नुसता आवाज उरला.

गुरुवार, १४ मार्च
डोळ्यांचा डॉक्टर पोरसवदा. मिशी अजून फुटायचीय, पण बोलणं न्यायाधीशाचं.
"काचबिंदू आहे, आजोबा. डावा डोळा केव्हाच गेलाय. तो परत येणार नाही. उजवा औषधाने सांभाळू."
"मग मला कळलं कसं नाही?"
"उजवा दोघांचं काम ओढत होता ना."
स्कूटरचं विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.
पोराने किल्ली मागितली नाही. मीच टेबलावर आपटली.

शनिवार, १६ मार्च
ही म्हणाली, "मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. मागे बसून 'अहो, डावीकडे बस', 'अहो, डावीकडे पोरगं' — हौस म्हणून ओरडत होते का?"
आणि मी दर वेळी खेकसायचो — गप बस, दिसतंय मला!